एक जूनची पोरं

२०२३ साल, मी सदुसष्ट वर्षांचा. त्या साली आमचा फुटबॉलचा क्लब लीग जिंकला आणि तरी वरच्या फळीत गेला नाही. हिंगोलीत अजून लोक मला हॉटेलात अडवतात. "मामा, जिंकले तर तुमीच, मग खालच्या फळीत काहून खेळून राहिले?" मी चहा संपवतो आणि उठतो. यंदा दिवाळी अंकवाले सर घरी आले, म्हणाले, तुमच्या कामाबद्दल लिहा. कामाबद्दल लिहायचं तर हे लिहावंच लागतं. मी चौथी शिकलेला माणूस. सरांना सांगितलं, वेलांट्या तुम्ही नीट करा, पण मजकुराला हात लावायचा नाही. एक ओळ गेली तर पुढच्या वर्षी अंक घेणार नाही.

पोटासाठी मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केली. हळदीची पोती उचलली. अंघोळ केली तरी पाठ पिवळी राहायची. पण काम म्हणाल तर माझं काम टीम बांधायचं. तरुणपणी पोलीस मैदानाबाहेर गेलेला चेंडू परत फेकता फेकता मी खेळ शिकलो. मला कुणी शिकवलं नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. पुस्तक वाचून आलेले कोच मी पाहिले. शिट्टी चांगली वाजवतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लीग म्हणजे प्रत्येक क्लब प्रत्येकाशी खेळतो. जिंकलं की तीन गुण, बराबरी झाली की एक. शेवटी ज्याचे गुण जास्त तो वरच्या फळीत जातो. आमची फळी खालची. तिथंसुद्धा पैसेवाले क्लब नागपूर-हैदराबादहून तयार खेळाडू आणायचे, सामन्यामागे पैसे द्यायचे, लॉजवर उतरवायचे. आमच्याकडे विहारामागचं मैदान, दोन चेंडू आणि पोरं. पोरगं स्वस्तात पडतं. सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी दोन केळी, एसटीचं तिकीट. खेळून झाल्यावर शाबासकी दिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पळतं. तयार खेळाडू शाबासकी घेत नाही, घड्याळ बघतो.

पण पोरांची टीम हातात राहत नाही. फेब्रुवारीत हळद निघाली की निम्मे गायब. एकदा सामन्याच्या आदल्या दिवशी एका पोराचा बाप मैदानात आला आणि पोराचा दंड धरला. "मामा, कुकर पेटला, हळद शिजायला लागली. तुमचा चेंडू काय वाळून जाणार हाय का?" मी म्हणालो, "उद्याचा दिवस द्या, परवा मी स्वतः येतो हळद उपसायला." तो म्हणाला, "दोघंबी या." सामना झाल्यावर आम्ही दोघं गेलो. पोरगं सामना खेळलं आणि मी दोन दिवस त्याच्या शेतात हळद वाळत घातली. टीम बांधणं म्हणतात ते हे.

पोरं शोधायची माझी रीत वेगळी. मैदानावर शोधत नाही, कामावर शोधतो. बैलं वळणारं पोरगं बचावाला घ्यायचं, जनावर कुठून फुटणार ते त्याला आधी कळतं. आमचा गोलकीपर अमान मला टरबुजाच्या ट्रकखाली सापडला. वरून माणूस टरबूज फेकायचा, हा खाली झेलून बाजूच्याला द्यायचा. अर्धा तास उभा राहून बघितलं. एकही फुटलं नाही. मी विचारलं, "फुटबॉल झेलशील का?" म्हणाला, "खाली पडला तर पैसे कटते क्या?" मी म्हणालो, नाही. म्हणाला, "फिर तो आसान है."

चुकाही केल्या. पहिल्यांदा लीगमध्ये गेलो तेव्हा बूट सक्तीचे निघाले. तोवर आमची पोरं अनवाणी. मी बाजारातून अकरा जोड आणले आणि प्रत्येकाला दोन नंबर मोठे घेतले. पाय वाढतो, लेकराला नेहमी मोठंच घ्यायचं, घरात असंच बघितलेलं. पुढं चिंध्या कोंबल्या. पहिल्या सामन्यात आमच्या एका पोराने असा फटका मारला की चेंडू जागेवर आणि बूट गोलमध्ये. पंचाने हसून हसून शिट्टी तोंडातून सोडली. सात गोलांनी हरलो. त्या दिवशी हसलो नाही. आता हसतो.

आता बादलचं सांगतो.

साखरा गावाच्या बाजूला एक तांडा आहे. मी तिकडे एका शेतकऱ्याची हळद भरायला गेलो होतो. उतारावर शेरडांमागे एक पोरगं पळत होतं, शेरडू डावीकडे वळायच्या आत हे डावीकडे. बादल राठोड. आई झमकाबाई. बाप नव्हता. आई दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जायची, पोरगं बरोबर, म्हणून शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मी बाईला म्हणालो, "पोरगं माझ्याकडं ठेवा. शाळेत घालतो, खेळाला लावतो." तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मारू नका त्याला. जेवताना बोलतो, त्याचंबी काही म्हणू नका."

शाळेत मीच नेला. गुरुजींनी रजिस्टर उघडलं. "जन्मतारीख?" झमकाबाई म्हणाली, "कारखान्यावर झाला. खोपीत. त्या साली मुकादमाचा बैल मेला होता. नवाचा असल. धाचाबी असल." गुरुजी म्हणाले, "नऊ वर्षांचा असेल तर नियमाने तिसरी-चौथीत बसवावा लागतो." मी बादलकडे बघितलं. त्याला अ काढता येत नव्हता. मी स्वतः शाळेत असाच उशिरा बसलो होतो. पुढच्या वर्गात बसवलं, काही कळायचं नाही, पोरं हसायची, चौथीत सोडली. म्हणून मी म्हणालो, "गुरुजी, सहा टाका. पहिलीपासून शिकू द्या." गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "मामा, तुमी सांगून राहिले म्हणून टाकतो." आणि तारीख टाकली एक जून. आमच्या भागात ज्याला तारीख ठाऊक नाही त्याची एक जून. शाळा उघडायच्या आत सहा वर्षं पुरी होतात, हिशेब सोपा. माझीही एक जूनच आहे.

त्या वेळी मला वाटलं मी चांगलं केलं. अजूनही वाटतं. अडचण तीच आहे.

बादल आमच्याकडे वाढला. डाव्या पायाचा फटका असा की चेंडू जमिनीपासून वीतभर वर सरळ जायचा. मला मामा म्हणायचा. माझ्या बायकोला मामी म्हणायचा आणि तिच्याशी भांडायचा, माझ्याशी नाही. वयाचं मी विसरून गेलो. खरंच विसरलो. दाढी आली तेव्हा मनात म्हणालो, काही पोरांना लवकर येते.

मग २०२३ साली लीगवाल्यांनी नवा नियम काढला. ज्या क्लबची सगळी टीम वीस वर्षांच्या आतली, त्याला प्रवेश फी माफ. ती फी आमच्या आवाक्याबाहेरची होती, आदल्या साली तिच्यापायीच खेळलो नव्हतो. मी म्हणालो, हा नियम आपल्यासाठीच केलेला आहे. सोळा पोरांचे शाळेचे दाखले जमा केले आणि दिले. अट खाली बारीक छापलेली होती: एक जरी मोठा निघाला तर सगळे गुण रद्द. मी ती अमानकडून वाचून घेतली. त्याने हिंदीत समजावली. मी म्हणालो, आपल्याला काय भीती.

आम्ही जिंकत गेलो. त्या मोसमात मी बाकावर एकदाही बसलो नाही. रेषेच्या बाजूने पळायचो, चेंडू जिकडे तिकडे मी. पंच मला म्हणायचे, "मामा, तुमी बारावे का?" पैसेवाले क्लब पोरांकडून हरायला लागले आणि मैदानावर माणसं यायला लागली. शेवटचा सामना परभणीला. समोर इंगोले सरांचा क्लब. सर निवृत्त पीटी मास्तर, शिस्तीचे, माझ्यासारखेच हट्टी. बराबरी झाली तरी ते वर जाणार होते. आम्हाला जिंकावंच लागणार होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी मला मैदानाच्या ऑफिसात बोलावलं. लीगचे सेक्रेटरी बसले होते, बाजूला इंगोले सर, समोर आमचे दाखले.

सर म्हणाले, "किसनराव, राग मानू नका. सोळातल्या अकरा पोरांचा जन्म एक जूनचा. एका दिवसात अकरा बाळंतपणं? तुमच्याकडे दवाखाना केवढा आहे?"

मी म्हणालो, "सर, तुमची किती तारीख?"

सेक्रेटरी हसायला लागले. "सांगा ना सर. माझीबी एक जूनच हाय." तेव्हा इंगोले सर म्हणाले, "माझीसुद्धा." तिघं हसलो. मला वाटलं विषय संपला.

सरांनी एक दाखला पुढे सरकवला. बादलचा. "बाकी सोडा. याला मी दोन वेळा खेळताना बघितलं. हा एकोणीस वर्षांचा गडी नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "मनगटाचा फोटो काढला की हाडावरून वय कळतं. पण त्याला आठ दिवस लागतील आणि सामना आज हाय." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मामा, तुमाला आमी तीस वर्षं वळखतो. हमालीच्या पोत्यातून मूठभर हळद कधी घेतली न्हाई तुमी. तुमी लिहून द्या, वय बराबर हाय म्हणून. तुमच्या सहीवर आमी फोटो सोडतो. काय सर?"

इंगोले सरांनी विचार केला. "किसनरावांची सही असेल तर माझी तक्रार मागे."

तिथं मला सगळं आठवलं. गुरुजींचा चष्मा, झमकाबाई, मेलेला बैल. सहा टाका म्हणालो तो माझाच आवाज. आठवायला किती वेळ लागला म्हणाल, तर पेनचं टोपण काढायला लागतो तेवढा. खिडकीतून पोरं दिसत होती. मैदानाच्या कडेला रांगेत बसून एकमेकांचे बूट बांधून राहिली होती. त्यातली पाच पोरं मोसम संपला की सुटणार होती, कुणी पुण्याला कंपनीत, कुणी ऊसाला. ही टीम पुन्हा मिळणार नव्हती.

मी सही केली. मला कुणी फसवलं नाही, जबरदस्ती केली नाही. सही मोठी केली, नेहमीसारखी.

सामन्याचं फार सांगत नाही. पहिल्या भागात त्यांनी आमच्यावर दहा-बारा फटके मारले असतील. अमानने सगळे अडवले. एकदा तर पडल्या पडल्या पायाने काढला आणि ओरडला, "मामा, ये टरबूज थोडा कच्चा था." बाहेर लोक हसले. दुसऱ्या भागात, दहा मिनिटं राहिली असतील, बादलला उजवीकडून चेंडू मिळाला. पुढे दोन माणसं. तो डावीकडे वळला, ते वळायच्या आत. चेंडू जमिनीपासून वीतभर वर, सरळ गोलमध्ये.

एक गोल. तेवढाच झाला. आम्ही जिंकलो.

पोरांनी मला उचललं. मी म्हणालो, खाली ठेवा. त्यांना वाटलं मामा लाजतो. मग इंगोले सर त्यांच्या बाकावरून आमच्याकडे चालत आले. एवढ्या वयाचा माणूस, टोपी काढलेली. ते माझ्याकडे आले नाहीत. बादलसमोर उभे राहिले आणि हात जोडले. "बेटा, सकाळी मी तुझ्या वयावर शंका घेतली. किसनरावांनी सही केली म्हणून गप्प बसलो, पण मनातून गेली नव्हती. आता गेली. मला माफ कर."

बादलने त्यांचे हात धरले. मग माझ्याकडे बघितलं. सहीचं त्याला तेव्हाच कळलं. आपलं वय मात्र अंदाजाने आधीच ठाऊक होतं. प्रत्येक पोराला असतं, आई सांगते.

त्या दिवसानंतर काय झालं ते इथंच सांगून टाकतो, शेवटी सांगायला नको. आमचे सगळे गुण गेले. इंगोले सरांचा क्लब वर गेला. बादलला एक वर्ष खेळायला बंदी, मला पाच वर्षं टीमबरोबर बसायला बंदी. मी तारेच्या कुंपणाबाहेरून ओरडतो, तसंही मी कधी बसत नव्हतो. बाकीच्या पोरांपैकी तिघांच्या घरचे अजून मला रामराम करत नाहीत. एक बाप म्हणाला, "तुमचं मन साफ करायला माझ्या पोराचा कप घेतला." ते खरं असेल. बादल आता वसमतला हळदीच्या कारखान्यात आहे. रविवारी मैदानावर येतो, बारक्यांना डाव्या पायाचा फटका शिकवतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

परभणीला आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं झोपलेली, कप मधे ठेवून भोवती. बादल जागा होता. भिंतीला टेकून बूट पुसत होता. मी त्याला बाहेर व्हरांड्यात घेतलं.

"मी ऑफिसात जाऊन राहिलो," मी म्हणालो. "तुझं वय खोटं हाय, ते मी सांगितलेलं हाय गुरुजींना. तुझी चूक न्हाई."

त्याने हातातला बूट खाली ठेवला. "काल सही कशाला केली मग?"

"केली."

"काल न्हाई म्हटले असते तर मी बाहेर बसलो असतो, मामा. सगळे हरले असते, पण खेळून हरले असते. आता जिंकून हरणार. त्या लेकरांना काय सांगू?"

"तू काही सांगू नको. मी सांगतो."

"मी नसतो तर जिंकलो असतो का काल?"

खोटं बोलणं सोपं होतं. "न्हाई," मी म्हणालो.

तो म्हणाला, "इंगोले सरांनी हात जोडले म्हणून चालले तुमी. माझ्यासाठी न्हाई चालले."

"व्हय," मी म्हणालो. "पण चाललो."

तो आत गेला. मी चपला घातल्या. तिथून मैदानाचं ऑफिस दीड-दोन कोस असेल. रिक्षा मिळाली असती, पण मला बसवत नव्हतं, चालत गेलो. ऑफिसला कुलूप. एक शिपाई पायरी झाडत होता.

"काका, साहेब अकराला येतात. काय काम?"

"काल एक सही केली. ती चुकली."

"कागदावर खाडाखोड चालत न्हाई," तो म्हणाला. "दुसरा कागद लिहावा लागतो. लिहिता येतं का? का मी लिहून देऊ?"

मी म्हणालो, येतं. त्याने आतून कोरा कागद आणि पेन आणून दिलं. पायरीवर बसवेना, म्हणून उभ्यानेच खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवला. रस्त्यावरून शाळेची पोरं जात होती, एक थांबून बघत होतं, मी त्याला जा म्हणालो. पहिली ओळ मोडकी आली, अक्षरं वरखाली. मी लिहिलं की बादल राठोड बावीस-तेवीस वर्षांचा आहे, त्याचं वय शाळेत मी कमी सांगितलं आणि काल इथे मी खोटी सही केली. बादलचा दोष नाही हे दोनदा लिहिलं. मग खाली सही केली आणि अकरा वाजेपर्यंत कागद हातात धरून त्या कुलपासमोर येरझारा घालत राहिलो.